कार्डं सगळ्यांची निगेटिव्ह, मग साइटवर मलेरिया आला कुठून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पनवेलजवळच्या एका मोठ्या बांधकामावर तुम्ही सेफ्टी ऑफिसर आहात. साइटवर एकूण २२० मजूर. त्यात जुलैअखेर ६४ जणांची नवी बॅच आली. काही ओडिशातल्या कोरापुट-मलकानगिरीकडचे, काही झारखंडच्या साहिबगंज-पाकूडचे, थोडे पूर्व उत्तर प्रदेशातले. उतरले त्याच दिवशी लॅबवाल्याला बोलावून सगळ्यांची मलेरियाची कार्ड टेस्ट केली. सगळे निगेटिव्ह. तरी अकराव्या दिवशी कोरापुटच्या एकाला फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जास्त धोक्याचा प्रकार निघाला, सोळाव्या दिवशी तुमच्या स्टोअरकीपरला व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचाच दुसरा प्रकार, एकोणिसाव्या दिवशी बॅचमधल्या आणखी दोघांना व्हायवॅक्स. आता साहेब म्हणतात लॅब बदला, लॅबवाला म्हणतो आमचं मोठं ‘परजीवी पॅकेज’ घ्या, आणि ठेकेदार म्हणतो पॉझिटिव्ह निघेल त्याला परतीच्या गाडीत बसवा. यातलं कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

तिघांचंही नको. कोणती टेस्ट करायची हा तुमच्या प्रश्नाचा छोटा भाग आहे. टेस्ट किती वेळा करायची, कोणाकोणाची करायची आणि निकाल हातात आल्यावर त्या माणसाचं काय करायचं, घोडं तिथे अडलंय.

मी फिजिशियन आहे. सुरुवातीची काही वर्षं गोव्यात काढली. तिथे बांधकाम मजुरांचं रक्त तपासून त्यांना हेल्थ कार्ड देण्याची पद्धत आहे. गेली अठरा वर्षं रायगड जिल्ह्यात आहे आणि पावसाळ्यात माझ्या ओपीडीत निम्मे चेहरे लेबर कॅम्पवरचे असतात. तुमची माणसं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे कोणाला किती गोळ्या हे इथून सांगणार नाही. विचार कसा करायचा एवढं सांगतो.

आधी दिवस मोजूया. तुम्ही तारखा नीट लिहून ठेवल्या आहेत हे फार बरं केलंत, कारण खरी गोष्ट त्यातच आहे. तुमचा स्टोअरकीपर कर्जतचा, वर्षभरात कुठे बाहेरगावी गेलेला नाही. म्हणजे त्याला डास इथेच चावला. व्हायवॅक्समध्ये डास चावल्यापासून ताप यायला साधारण १२ ते १७ दिवस लागतात. तो सोळाव्या दिवशी तापला, म्हणजे नवी बॅच आल्यानंतर फार तर चौथ्या दिवसापर्यंत त्याला डास चावलेला असणार. आता त्या डासाकडे बघा. रुग्णाचं रक्त प्यायल्याबरोबर डास मलेरिया पसरवू शकत नाही. मलेरियाचा परजीवी, म्हणजे आजार करणारा सूक्ष्म जीव, त्याच्या पोटात वाढून लाळग्रंथीत पोचायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवस तरी जातात. म्हणजे त्या डासाने ज्याचं रक्त प्यायलं तो माणूस, नवी बॅच गाडीत बसायच्याही आधीपासून, तुमच्या साइटवर किंवा शेजारपाजारी होता.

हा हिशोब साहेबांसमोर कागदावर मांडून दाखवा. ‘नव्या पोरांनी मलेरिया आणला’ ही ओळ तिथेच गळून पडेल. परजीवी तुमच्याकडे आधीच होता. जुन्या १५६ जणांपैकी किंवा शेजारपाजारच्या कोणाच्या तरी रक्तात होता, आणि त्या १५६ जणांची टेस्ट कोणी केलेलीच नाही.

कोरापुटच्या माणसाची गोष्ट वेगळी. फाल्सिपॅरमला साधारण ९ ते १४ दिवस लागतात, तो अकराव्या दिवशी तापला. तो संसर्ग घेऊनच आला असण्याची शक्यता जास्त. मग कार्डावर का दिसला नाही? दोन कारणं असू शकतात. डास चावल्यावर परजीवी पहिले पाच-सात दिवस यकृतात असतात, रक्तात एकही नसतो. निघायच्या दोन दिवस आधी चावला असेल तर उतरल्या दिवशी जगातल्या कोणत्याही लॅबला तो सापडला नसता. दुसरं कारण, परजीवी रक्तात होते पण थोडे होते.

‘थोडे’ म्हणजे किती, हे एकदा आकड्यात पाहिलं की कार्ड टेस्टवरचा आंधळा विश्वास उडतो. साधी कार्ड टेस्ट रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण १०० ते २०० परजीवी असले की भरवशाने रेघ दाखवते. समजा एखाद्याच्या रक्तात मायक्रोलिटरमागे २० परजीवी आहेत. माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. गुणाकार करा, दहा कोटी होतात. दहा कोटी परजीवी अंगात घेऊन हा माणूस वाळूची घमेली उचलतोय, दोन वेळा जेवतोय, आणि कार्ड म्हणतंय निगेटिव्ह. काचपट्टीवरचा रक्तलेप चांगल्या तंत्रज्ञाने निवांत पाहिला तर यापेक्षा थोडं खालपर्यंत दिसतं. परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर टेस्ट त्याहून कितीतरी खाली जाते, पण ती महाग आणि वेळखाऊ, साइटवरच्या रोजच्या कामाची नाही.

ताप नसताना अंगात मलेरिया कसा राहतो, हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. लहानपणापासून वर्षाला दोनतीनदा मलेरिया झेललेल्या माणसाचं शरीर परजीवीशी एक प्रकारची तडजोड करतं. मारून टाकत नाही, पण वाढूही देत नाही. ओडिशाने दुर्गम भागात ‘दमन’ नावाची मोहीम काढली तेव्हा ताप असो-नसो गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं ते याचसाठी. छत्तीसगडने २०२० मध्ये बस्तरमध्ये तेच केलं, आणि सापडलेल्यांत निम्म्याहून अधिक लोकांना काही लक्षणंच नव्हती. आपल्या गडचिरोलीतही हेच चित्र आहे. तिथले लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा तिकडचा डॉक्टर आज तुम्ही विचारताय तेच विचारत असणार.

ही तडजोड कायमची नसते, हेही लक्षात ठेवा. वर्ष-दीड वर्ष मलेरिया नसलेल्या शहरात काढलं की ती ओसरते. असा माणूस छठला किंवा होळीला गावी जाऊन आला की त्याला पूर्वीपेक्षा जोरात ताप येतो आणि फाल्सिपॅरम असेल तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून माझ्या लेखी नव्या माणसाइतकाच गावाहून परतलेला जुना माणूस महत्त्वाचा. तुमच्या गेटवर मात्र त्याची काहीच तपासणी होत नाही, कारण रजिस्टरात तो ‘जुना’.

आता त्या दिवशी टेस्ट कशी झाली हेही विचारून घ्या. लॅबवर आरोप म्हणून नव्हे. मी एका साइटवर पाहिलेलं सांगतो. लॅबचा मुलगा एकटा. टेबलावर चाळीस कार्डं ओळीने मांडलेली. बोट टोचायचं, थेंब घालायचा, बफर घालायचं, पुढचा. शेवटच्या माणसाचं झालं की लगेच पहिल्यापासून वाचत सुटायचं. पहिल्या कार्डाला पस्तीस मिनिटं झालेली, शेवटच्याला तीन. पाकिटावर बहुतेक १५ ते २० मिनिटांनी वाचा असं लिहिलेलं असतं, ते कोणी पाहिलं नव्हतं. शिवाय खोका सकाळपासून मोटरसायकलच्या डिकीत तापत होता. आणि फिकट रेघ दिसली की ‘ही तर पुसट आहे’ म्हणून निगेटिव्ह. फिकट रेघही रेघच असते. दहा-दहाच्या गटाने करा, कार्डावर पेनाने वेळ लिहा, एवढ्याने बराच फरक पडतो.

उलट बाजूही आहे. फाल्सिपॅरम दाखवणारी कार्डावरची रेघ ज्या प्रथिनामुळे उमटते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. त्या कोरापुटच्या माणसाचं औषध पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी कोणी पुन्हा कार्ड लावलं आणि रेघ आली, तर घाबरू नका आणि औषधही पुन्हा देऊ नका. त्या वेळी काचपट्टी पाहायची.

राहिले बॅचमधले दोघे व्हायवॅक्सवाले. यांचा डास इथला की तिकडचा हे मी ठामपणे सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. पहिल्या दोन-तीन रात्रींत त्यांना इथे डास चावला असेल, तरी दिवस जुळतात. किंवा व्हायवॅक्स त्यांच्या यकृतात आधीपासून झोपून होता. व्हायवॅक्सची हीच खोड. रक्तातले परजीवी औषधाने मरतात, ताप जातो, माणूस बरा होतो. पण काही परजीवी यकृतात निजून राहतात आणि आठवड्यांनी, कधी आठ-नऊ महिन्यांनीसुद्धा उठतात. हे निजलेले दाखवणारी रक्ताची टेस्ट आजघडीला उपलब्ध नाही. कार्ड नाही, काचपट्टी नाही, पीसीआरही नाही. त्यामुळे ‘साइटवर येणारा प्रत्येक माणूस मलेरियामुक्त’ असं प्रमाणपत्र मागणाऱ्या साहेबांना सांगा, असं प्रमाणपत्र देणारी लॅब भेटली तर तिच्यापासून दूर राहा.

त्या निजलेल्यांवर औषध मात्र आहे, प्रायमाक्विन. आपल्या सरकारी पद्धतीत व्हायवॅक्सला ते १४ दिवस देतात. आणि नेमकं इथेच सगळं फिसकटतं. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो. चौथ्या दिवशी स्लॅब असतो. गोळ्यांचं पाकीट पत्र्याच्या खोलीत उशाखाली राहतं. मी एका मजुराला विचारलं, ‘गोली पूरी खाई?’ तर तो निर्मळपणे म्हणाला, ‘ठीक हो गया था साहब, बाकी भाई को दे दी, उसको भी बुखार था.’ दोघांचीही अर्धवट. दोन महिन्यांनी दोघेही परत आले. तुम्ही साइटवर एकच गोष्ट करू शकणार असाल तर ही करा. सकाळी हजेरी घेताना मुकादमाच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, काहीतरी खाल्ल्यावर गोळी. एका वहीत १४ चौकोन. चौकोन भरला की पुढे कामाला.

प्रायमाक्विन सगळ्यांना चालत नाही. गरोदर बाईला देत नाहीत. स्तनपान देणाऱ्या बाईने डॉक्टरांना तसं आधी सांगायचं. तुमच्याकडे बिगारी कामावर जोडपी असतात, त्यामुळे हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटतात. मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासींमध्ये ही कमतरता आढळते, तिच्या तिथल्या प्रकाराला ‘ओरिसा’ असंच नाव आहे. टेस्ट मिळत असेल तर आधी करावी. नसेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि मुकादमाला एक खूण पाठ करवून: लघवी काळ्या चहासारखी दिसली, डोळे पिवळे झाले, धाप लागली की गोळी त्याच क्षणी बंद आणि माणूस दवाखान्यात.

इथवर आलो तर मलेरियाचं तुमच्यापुरतं वेळापत्रक सांगून टाकतो. येणाऱ्या प्रत्येकाची, आणि गावाहून परतणाऱ्या जुन्यांचीही, पहिल्या एक-दोन दिवसांत एक टेस्ट. तीच टेस्ट तीन आठवड्यांच्या आसपास पुन्हा, ताप नसला तरी. मधल्या काळात कणकण वाटली तर त्याच दिवशी. आत्ता उद्रेक चालू आहे म्हणून जुन्या १५६ जणांचीही एकदा. काचपट्टी, कार्ड आणि औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथल्या आरोग्यसेवकाला साइटवर बोलवा, पंधरवड्याची फेरी ठरवून घ्या. तो येतो. चहा दिलात तर वेळेवर येतो. आणि सापडलेला प्रत्येक रुग्ण त्यांना कळवा, लपवू नका. शेजारच्या वस्तीत औषध मारायचं की नाही हे त्यावरून ठरतं.

लॅबवाल्याचं ‘परजीवी पॅकेज’. तुम्ही पाठवलेली यादी वाचली. टॉक्सोप्लाझ्मा, अमिबा, हायडॅटिड, सिस्टिसर्कस, शिस्टोसोमा, सगळ्यांच्या अँटीबॉडी, वर मलेरियाचीही अँटीबॉडी. अँटीबॉडी म्हणजे शरीराने कधीकाळी त्या परजीवीचं तोंड पाहिल्याची नोंद. आज तो अंगात आहे का, हे त्यातून बहुतेक वेळा कळत नाही. खेड्यात वाढलेल्या ६४ जणांची ही यादी तपासली तर ढीगभर पॉझिटिव्ह येतील, निम्मे लोक घाबरतील, आणि उपचार करण्यासारखे त्यात एक-दोन असले तर असतील. शिस्टोसोमा हा रक्तवाहिन्यांत राहणारा कृमी तर भारतात जवळपास नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव त्यासाठी १९५२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत गाजलं होतं, पण तुमची बॅच काही गिमवीहून आलेली नाही. टांझानियाहून परतलेल्या इंजिनिअरला लघवीतून रक्त जात असेल तर मी तो विचार करतो, कोरापुटच्या सळई-फिटरला नाही. पॅकेज घेऊ नका.

त्याऐवजी प्रत्येकाचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी करा. त्यात मला तीन आकडे हवे असतात: हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि इओसिनोफिल. प्लेटलेट एकदम कमी दिसले तर ताप नसला तरी मलेरियाची काचपट्टी पुन्हा पाहतो. बाकी दोन आकड्यांवर जरा बोलतो, कारण लपलेले जंत तिथेच सापडतात.

हिमोग्लोबिन. शेतात अनवाणी वाढलेल्या माणसाच्या आतड्यात हुकवर्म असणं काही विशेष नाही. त्यातल्या मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.२ मिलीपर्यंत रक्त पितो. शंभर असले तर २० मिली, रोज, महिनोन् महिने. एक बाई माझ्याकडे चक्कर म्हणून आली, डोक्यावर विटा वाहायची. हिमोग्लोबिन ५.८. अशा बाईला आधी तुम्ही परांचीवरून खाली आणा, मग आपण जंताचं बोलू. शाळेतल्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी मिळते, पण ती १ ते १९ वर्षांसाठी. तुमचे मजूर बहुतेक त्या वयाच्या पुढे गेलेले, त्यांच्यापर्यंत ती मोहीम पोचत नाही. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी स्वस्त आहे, आणि डॉक्टर सोबत असेल तर सगळ्यांना द्यायला माझी हरकत नाही. बायकांना मात्र आधी गरोदरपणाचं विचारूनच.

पण गोळीच्या आधी एक प्रश्न सगळ्यांना: कभी मिर्गी का दौरा पड़ा है? फिट आली होती का? डुकराच्या फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून, भाजीतून पोटात गेली की त्याच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. शाकाहारी माणसालाही हे होतं, ‘आम्ही तर डुक्कर खात नाही’ या उत्तराने सुटका नाही. मेंदूत अशी गाठ असेल तर जंताच्या औषधाने तिथे सूज येऊन फिट येऊ शकते. क्वचित होतं, पण ज्याला पूर्वी फिट येऊन गेली त्याला गोळी साइटवर नको, मेंदूचा स्कॅन झाल्यावर डॉक्टर ठरवतील. आणि तुमच्या कामाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की, बाराव्या मजल्यावर फिट आलेल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. हा प्रश्न रक्ताच्या कुठल्याही टेस्टपेक्षा तुमच्या कामाचा आहे. तो मात्र एकट्याला बाजूला घेऊन विचारा, आणि ‘हो’ म्हटलं तर काम जाणार नाही, खालचं काम मिळेल, हे आधी सांगा. नाहीतर ‘नहीं साहब’ हेच उत्तर मिळेल.

इओसिनोफिल. या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, नेहमी मायक्रोलिटरमागे ५०० च्या आत असतात. दमा, खरूज, औषधाची रिअ‍ॅक्शन यानेही वाढतात, म्हणून वाढले की लगेच जंत असं नाही. पण एक केस सांगतो. बिहारचा फिटर, वय तिशीचं, रात्री दोन-तीनला खोकल्याने उठून बसायचा. शेजारच्यांची झोपमोड होते म्हणून लेबर कॅम्पवाल्यांनीच त्याला माझ्याकडे पाठवलं. आधी कुठेतरी दमा म्हणून पंप आणि स्टिरॉइड दिलेलं, चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. त्याच्या सीबीसीत इओसिनोफिल ६,४००. हा हत्तीरोगाच्या परजीवीचा फुप्फुसातला अवतार. पाय सुजलेला नाही, रात्रीच्या रक्तातही काही सापडत नाही, नुसता खोकला. हत्तीरोगाचं औषध तीन आठवडे दिलं, पहिल्याच आठवड्यात तो रात्रभर झोपला.

हत्तीरोगाचं रक्त रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घ्यावं लागतं, कारण त्याच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसात दडून बसतात. दुपारी घेतलेली काचपट्टी निगेटिव्ह आली तर तिला काही किंमत नाही. दिवसा चालणारी, परजीवीचे अंश ओळखणारी अँटीजेनची पट्टी आता आहे. पण बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशाच काय, आपला विदर्भही हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. साइटवर याची सरसकट तपासणी मी सुचवणार नाही. ज्याला पायाला सूज, अंडकोषात पाणी किंवा असा रात्रीचा खोकला आहे, त्याला सरकारी हत्तीरोग विभागाकडे पाठवा.

स्ट्राँगिलॉइड्सचं नाव तुमच्या पॅकेजच्या यादीत नव्हतं, आणि मला मात्र सगळ्यात जास्त धाक त्याचाच. हा जंत माणसाच्या आतच पिढ्या वाढवतो, बाहेर जायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्मा-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांत तो तीस-चाळीस वर्षांनीही सापडला. एरवी गप्प असतो. पण त्या माणसाला कोणी भरपूर स्टिरॉइड दिलं की तो सगळ्या अंगात पसरतो आणि जीव घेऊ शकतो. विष्ठेच्या एका नमुन्यात बहुतेक वेळा चुकतो, अल्बेंडाझोलच्या एका गोळीने जातही नाही. म्हणून तुमच्याकडून मला तपासणी नको, एवढंच हवं: मजुराला अंगदुखी, खोकला, खाज यासाठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्टिरॉइडच्या गोळ्या आणायची सवय असेल तर ती मोडा. लांबलचक स्टिरॉइड द्यायचं असेल तर मी या भागातल्या माणसाला आधी या जंतावरचं औषध, आयव्हरमेक्टिन देतो.

साहिबगंज-पाकूडवाल्यांसाठी आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या देवरिया-कुशीनगरकडच्यांसाठी एक वेगळा प्रश्न. तिकडे काळा आजार (काला-अजार, हाही परजीवीचाच आजार) होता आणि अजून थोडा आहे. दोन आठवड्यांहून जास्त ताप, मलेरिया निगेटिव्ह, डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागते, असं असेल तर त्याची टेस्ट करायची. पण नुसत्या तब्येतीने धडधाकट माणसांची सरसकट टेस्ट करू नका, कारण बरा झाल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. त्यापेक्षा चेहरा बघा. हनुवटीवर, गालावर फिकट चट्टे आहेत का? कापसाने स्पर्श केला तर कळतो का? कळत नसेल तर कुष्ठरोगाचा विचार. कळत असेल आणि पूर्वी काला-अजार होऊन गेल्याचं तो सांगत असेल, तर हा त्याच आजाराचा कातडीतला उरलेला भाग असू शकतो. अशा एकाला तीन वर्षं कोड म्हणून मलम लावत होते.

ठेकेदाराचं म्हणणं शेवटी घेतो, कारण ते सगळ्यात महाग पडेल. ‘पॉझिटिव्ह तो घरी’ हा नियम मी एका साइटवर पाहिलाय. पहिल्या वेळी पाच जण परत पाठवले. पुढच्या बॅचला ते गावातूनच कळलं होतं. टेस्टच्या काही दिवस आधीच सगळ्यांनी मेडिकलमधून क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाच्या गोळ्या घेतल्या. टेस्टच्या दिवशी सगळी कार्डं कोरी, साहेब खूश. दीड महिन्याने एकामागून एक तापले, आणि तोवर साइटवरच्या डासांनीही आपलं काम केलेलं होतं. पॉझिटिव्ह माणूस परत पाठवून मलेरिया कमी होत नाही, लपतो. मलेरिया एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने पसरत नाही, डास लागतो. वेळेत सापडलेला माणूस औषध सुरू करून दोन-चार दिवसांत कामावर उभा राहतो. त्या दिवसांची हजेरी भरा. निकाल ज्याचा त्याला आधी सांगा, आणि नावांची यादी लेबरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. हसू नका, हे मी पाहिलेलं आहे.

आणि पाणी. शहरातला मलेरियाचा मुख्य डास अ‍ॅनाफेलिस स्टिफेन्सी, त्याला गटार आवडत नाही, स्वच्छ पाणी आवडतं. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला स्लॅबवर बांधलेली आळी, लिफ्टचा खड्डा, उघडी टाकी, ड्रम. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून सुकवायचं. क्युरिंगचं पाणी सुकवता येत नसेल तर त्यात काय टाकायचं ते आरोग्यसेवक सांगेल. अळी ओळखायला सोपी आहे. पांढऱ्या डब्यात पाणी घ्या, मिनिटभर हलवू नका. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते ती अ‍ॅनाफेलिसची. डोकं खाली करून तिरकी लटकते ती दुसरी.

तुमचा स्टोअरकीपर दिवसभर स्टोअरमध्येच असतो, पण हा डास मुख्यतः संध्याकाळनंतर चावतो. तेव्हा तो रात्रपाळीला थांबला होता का, कुठे झोपला, हे आज विचारा. उद्या सकाळी त्या जागेभोवती पांढरा डबा घेऊन फिरा, लिफ्टचे खड्डे आधी. काय सापडलं ते, आणि तिघा व्हायवॅक्सवाल्यांच्या गोळ्यांचा कितवा चौकोन भरलाय ते मला कळवा.